बंगालची मेंढी, कैदी मेंढके आणि ऑस्ट्रेलियाची लोकर

माणगंगाकाठ
नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं, आज बसलोच लिहायला. मी मूळचा माण तालुक्यातला, घरची दोनेकशे मेंढरं होती, दिवाळी झाली की आजा वाडा, म्हणजे मेंढरांचा फिरता तळ, हलवायचा तो पावसाळ्याच्या तोंडावर परत यायचा. आता नोकरीमुळं सिडनीत पॅरामॅटाला राहतो. घरापासून चालत जाता येईल एवढ्यावर एलिझाबेथ फार्म म्हणून एक बसकं जुनं घर आहे, पुढं मोठा व्हरांडा, 1793 सालचं. आता म्युझियम केलंय त्याचं. ऑस्ट्रेलियाच्या लोकरीची गोष्ट इथं याच घरापासून सांगतात कारण ते जॉन मॅकार्थरचं घर. जुन्या दोन डॉलरच्या नोटेवर हाच माणूस होता आणि शेजारी मेरिनो या बारीक लोकरीच्या जातीचा एडका, 1966 पासून 1988 ला नाणं येईपर्यंत चालली ती नोट.

घर बघून आलो आणि मग मिळेल ते वाचत सुटलो. मेंढराच्या घरात वाढलेल्या माणसाला त्यातल्या काही गोष्टी फारच लागल्या म्हणून इथं लिहितोय.

पहिली म्हणजे सुरुवातीची मेंढरं लोकरीची नव्हतीच. 1788 ला कैद्यांची पहिली जहाजं आली तेव्हा वाटेत आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला, काही मेंढ्या चढवल्या होत्या, जाड शेपटीच्या, अंगावर नुसते केस. त्यातल्या बऱ्याच मेल्या. वसाहत उपाशी होती, लोकांना लोकर नको होती, मटण पाहिजे होतं. मग कलकत्त्याहून जहाजं येऊ लागली आणि त्यातून बंगालची बारकी मेंढरं इकडं उतरली. 1794 मधे मॅकार्थरनं भारतातून आलेल्या जहाजावरच्या एका अधिकाऱ्याकडून 60 बंगाली मेंढ्या घेतल्या, थोड्या आयरिश मेंढ्याही त्याला मिळाल्या, त्यांची पैदास एकत्र झाली आणि कोकरांच्या अंगावर केसात मिसळलेली लोकर दिसायला लागली. ही हकीकत पुढं त्यानंच सांगून ठेवलीय. म्हणजे ज्या देशानं नंतर जगाला मेरिनो लोकर घातली त्या देशातल्या लोकरीचा पहिला प्रयोग आपल्या बंगालच्या मेंढीच्या पोटी झाला, आणि हे मी इथं अकरा वर्षं राहून एकदाही कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

मेरिनो आली 1797 ला. स्पेन आपली मेरिनो बाहेर जाऊ देत नसे, पण स्पेनच्या राजानं काही डच लोकांना भेट दिली होती, ती केपला कर्नल गॉर्डन या डच सेनाधिकाऱ्याकडं पोचली, गॉर्डन 1795 ला वारला, आणि धान्यसामान आणायला केपला गेलेल्या वॉटरहाउस आणि केंट या दोन नौदल अधिकाऱ्यांनी त्याच्या बायकोकडून ती विकत घेतली. वाटेत बरीच दगावली. जगली त्यातली काही मॅकार्थरला मिळाली, काही सॅम्युअल मार्सडेन नावाच्या पाद्र्याला.

मग मॅकार्थरनं 1801 मधे स्वतःच्याच वरिष्ठाशी द्वंद्व केलं, गोळी घालून त्याला जखमी केलं, चौकशीसाठी त्याला इंग्लंडला धाडलं. तिथं तो लोकरीचे नमुने घेऊन हिंडला, राजाच्या कळपातली मेरिनो लिलावात घेतली आणि 1805 ला परत आला तो 5000 एकर जमिनीचा हुकूम खिशात घालून. जमीन कुठली, तर काउपाश्चर्स, या भागातलं सगळ्यात चांगलं गवत. पुढं गव्हर्नरविरुद्धच्या बंडाच्या भानगडीत 1809 ते 1817 तो परत इंग्लंडला अडकला आणि ही सगळी वर्षं कळप सांभाळला एलिझाबेथनं, त्याच्या बायकोनं. कुठला एडका कुठल्या मेंढ्यांवर सोडायचा, कातरणी कधी, लोकर जहाजावर कधी चढवायची, सगळं तिनं बघितलं. ज्या वर्षांत कळप खरा तयार झाला त्या वर्षांत नवरा घरी नव्हताच. नोटेवर मात्र तो.

आता ज्याच्यासाठी एवढं लिहिलं ते सांगतो. मेंढरं राखत कोण होतं? मालक राखत नव्हता. राखत होते कैदी. इंग्लंड-आयर्लंडमधून चोरीमारीच्या शिक्षेवर आलेली पोरं सरकार मालकांना वाटून द्यायचं, त्यातली कित्येक शहरातली, जन्मात मेंढरू हाताळलेलं नाही. एका झोपडीत तिघं. दोघं मेंढके सकाळी आपापला कळप घेऊन दोन दिशांना जायचे, तिसरा झोपडीवर, तो रांधायचा आणि रात्री जागायचा. कुंपण कुठंच नव्हतं. रात्री मेंढरं लाकडी ताट्यांच्या आवारात कोंडायची, आणि त्या ताट्या खतामुळं खालची जमीन घाण झाली की उचलून पुढं लावायच्या. हे वाचलं आणि मला आज्याची वाघर डोळ्यापुढं आली! आमच्याकडं जाळीची वाघर, त्यांच्याकडं लाकडाची, काम एकच. आवाराशेजारी एक पेटीसारखी खोली असायची, माणूस आत आडवा होईल एवढीच, राखणदार त्यात झोपायचा, डिंगो म्हणजे रानकुत्रा आला तर उठायचा. आठवड्याचं रेशन 10 पौंड पीठ, 10 पौंड मटण, 2 पौंड साखर, पाव पौंड चहा. संध्याकाळी मोजणी. मेंढरू कमी भरलं तर मॅजिस्ट्रेटपुढं नेऊन फटके.

आमचा आजापण एकटा हिंडला, पण वाड्यात बायकापोरं असायची, घोड्यावर बिऱ्हाड, कोंबड्या सुद्धा, आणि मेंढरं स्वतःची होती. ह्यांना महिनोन्महिने झोपडीबाहेरचं दुसरं माणूस दिसायचं नाही, मेंढरं दुसऱ्याची, पाय बांधलेले. बरीच जणं डोक्यानं जायची असं त्या काळच्या लोकांनी लिहून ठेवलंय. आणि गवत? ते तिसऱ्याचंच. त्याबद्दल जाणकारांनी लिहावं, मला अजून पूर्ण समजलेलं नाही.

इतिहासवही
फार छान लिहिलंय दादा. थोडी भर घालतो. मार्सडेननं 1807 मधे आपली लोकर पिंपात भरून इंग्लंडला नेली आणि यॉर्कशायरमधे तिचं कापड विणून घेतलं, त्याचा सूट शिवला, राजा तिसरा जॉर्ज खुश झाला आणि त्यानं त्याला मेरिनो दिल्या. त्यामुळं इथल्या लोकरीचा 'जनक' एकटा मॅकार्थर हे इथले इतिहासकार पण आता मानत नाहीत.

दुसरं म्हणजे लोकरच का, हा प्रश्न महत्त्वाचा. सिडनीहून लंडनला जहाज जायला चार-पाच महिने. एवढ्या लांब पाठवून परवडणारी वस्तू पाहिजे, वाटेत नासणारी नको, वजनाच्या मानानं महाग पाहिजे आणि पिकवायला माणसं कमी लागली पाहिजेत. गहू नाही चालत, मांस तर त्या काळात शक्यच नाही, लोकर या सगळ्यात बसते. त्यात नेपोलियनच्या लढायांत स्पेनचा माल बेभरवशाचा झाला आणि यॉर्कशायरच्या गिरण्यांना बारीक लोकर पाहिजेच होती. बिग नावाचा कमिशनर 1819 ला चौकशीला आला, त्यानं अहवालात सांगितलं की भांडवलवाल्यांना जमीन द्या, कैदी मजूर द्या, मेंढरं वाढवा. लगेच 1824 ला लंडनमधे ऑस्ट्रेलियन ॲग्रिकल्चरल कंपनी निघाली, तिला 10 लाख एकर! 1850 येईपर्यंत ब्रिटनच्या बाजारात ऑस्ट्रेलियानं स्पेनलाही मागं टाकलं होतं आणि जर्मनीलाही.

केतकी_मेलबर्न
गवताबद्दल विचारलंत म्हणून लिहिते, मी मेलबर्नच्या पश्चिमेला राहते, इथं अजून काही माळ जुन्या गवताचे राखून ठेवलेत, तिथं मी दर वसंतात स्वयंसेवक म्हणून जाते.

या माळांवर मर्नाँग नावाचं एक रोप सगळीकडं असायचं. पिवळं फूल, खाली मुळ्यासारखा कंद. इथल्या कुलिन नावाच्या आदिवासींतल्या बायका काठीनं उकरून टोपल्या भरून आणायच्या आणि भाजून खायच्या, त्यांचं रोजचं मुख्य अन्न होतं ते, आणि उकरल्यामुळं जमीन भुसभुशीत राहायची, म्हणजे ती एक प्रकारची शेतीच म्हणा. 1834 ला हेंटी कुटुंब पोर्टलंडला मेंढरं घेऊन उतरलं, 1835 ला बॅटमननं ब्लँकेटं, कुऱ्हाडी, आरसे, पीठ असलं काहीबाही देऊन 6 लाख एकर 'विकत घेतल्याचा' कागद केला. गव्हर्नर बर्कनं तो कागद रद्द केला, पण रद्द का केला, तर म्हणे ही जमीन ब्रिटिश राजाची आहे, इथल्या लोकांची नाहीच त्यामुळं ते विकू शकत नाहीत! आणि मेंढरं यायची काही थांबली नाहीत. मेंढरांना मर्नाँग फार आवडायचं, पानं खाऊन नाकानं उकरून कंद पण खायची. थोड्याच वर्षांत सगळं साफ. वर त्यांच्या खुरांनी जमीन दगडासारखी घट्ट झाली. ज्यांचं जेवण गेलं त्यांनी मेंढरू मारून खाल्लं की ती चोरी, आणि मग बंदुका.

तुमच्या पॅरामॅटाचंच एक सांगते. गव्हर्नर मॅक्वारीनं तिथं 1814 पासून आदिवासींची वार्षिक मेजवानी सुरू केली, पुढं दरवर्षी त्यांना ब्लँकेटं वाटायची पद्धत पडली. ज्यांच्या गवतावर लोकर पिकली त्यांना वर्षाकाठी माणशी एक ब्लँकेट. हे मला कधीही वाचलं तरी त्रासच होतो.

माणगंगाकाठ
केतकीताई, मर्नाँगचं माहीत नव्हतं. आमच्याकडं पण मेंढरू मुळापर्यंत खातं म्हणून गवताचा एक तुकडा दोन दिवसांच्या वर धरायचा नाही असं आजा सांगायचा. वाडा हलता ठेवायचा, मेंढरांसाठी पण आणि गवतासाठी पण.

सदा_पाटील
लेख चांगला आहे पण एक बाजू राहून जातेय असं वाटतं. माळरान, पाऊस बेभरवशाचा, आणि त्यात इतकी बारीक लोकर देणारं जनावर तयार करणं ही साधी गोष्ट नाही. रिव्हरिनात वांगानेला म्हणून जागा आहे, तिथं 1858 ला पेपिन कुटुंब आलं आणि त्यांनी निवड करत करत अशी मेरिनो तयार केली की जी कोरड्या, गरम माळावर लांब चालते आणि भरपूर लोकर देते. आज ऑस्ट्रेलियातल्या मेरिनोत मोठा वाटा त्याच रक्ताचा. मी स्वतः पशुपैदाशीच्या खात्यात नोकरी केली, आमच्याकडं दख्खनी मेंढीवर परदेशी रक्त घालायचे प्रयोग झाले ते जवळून बघितलेत, संकराचं जनावर आपल्या चालीला आणि उन्हाला टिकत नाही, फार अवघड काम आहे हे. तेव्हा त्या लोकांच्या कष्टाचं आणि अकलेचं कौतुक पण व्हावं, नुसता अन्याय अन्याय करून चालणार नाही.

माणगंगाकाठ
पाटीलसाहेब, कौतुक आहेच हो, एडका निवडणाऱ्या डोळ्याची किंमत माझ्या घरात सगळ्यांना माहीत आहे, चांगला एडका लग्नाच्या स्थळासारखा बघितला जायचा. पण पेपिनच्या कळपाला माळ मिळाला कसा ते पण त्याच गोष्टीत येतं, ते बाजूला काढता येत नाही. 1829 ला सरकारनं 19 काउंटींची, म्हणजे जिल्ह्यांची, हद्द आखली, त्याच्या बाहेर वस्ती करायची नाही म्हणून. मालक लोक मेंढरं घेऊन बाहेर गेलेच. शेवटी 1836 ला सरकारनंच वर्षाला 10 पौंडांचं लायसन काढलं, कितीपण मेंढरं चारा, कितीपण जमीन धरा, 10 पौंड. आणि तिथं आधीपासून राहणाऱ्यांना कुणी विचारलं नाही. आजही आमच्या माणसांना कुरणात शिरलं की दंड भरावा लागतो, त्यामुळं हे लायसनचं वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो.

इतिहासवही
यात मायल क्रीक आलंच पाहिजे. 10 जून 1838, न्यू साउथ वेल्सचा उत्तर भाग. ते स्टेशन, म्हणजे मोठं चराऊ फार्म, गुरांचं होतं, मेंढरांचं नाही, पण पसरण्याची पद्धत तीच. 28 विरायाराय आदिवासी माणसं, बहुतेक बायका, पोरं आणि म्हातारी, तिथल्या झोपड्यांजवळ विश्वासानं राहत होती, त्यांना दोरीला बांधून नेऊन मारलं. मारणारे गुराखी, बहुतेक कैदी किंवा सुटलेले कैदी. यात मला सगळ्यात मोठा वाटतो तो जॉर्ज अँडरसन, त्या स्टेशनवरचा झोपडी सांभाळणारा, तो पण कैदीच. तो त्यांच्याबरोबर गेला नाही आणि नंतर कोर्टात उभा राहून त्यानं साक्ष दिली. त्या वर्षीच्या डिसेंबरमधे 7 जणांना फाशी झाली. तुम्ही वर तीन माणसांची झोपडी सांगितलीत ना, रांधणारा आणि रात्री जागणारा तिसरा, अँडरसन तसल्याच कामावरचा माणूस.

निलांबरी
मी कुठंतरी वाचलंय की 1830 च्या दशकात धनगर लोक मेंढपाळ म्हणून ऑस्ट्रेलियात नेले होते?? खरं असेल तर केवढी मोठी गोष्ट आहे, आपल्याकडं कुणालाच माहीत नाही!

अभिलेखागार
निलांबरीताई, अर्धं खरं आहे, आणि याच्यावर बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. 1837 मधे जॉन मॅके नावाच्या माणसानं, जो आधी बंगालमधे नीळ पिकवायचा, कलकत्त्याहून 42 मजूर सिडनीला नेले. कैदी मजूर पुढं मिळणार नाहीत अशी चिन्हं होती आणि मालकांना स्वस्त मेंढके पाहिजे होते. त्या कागदांत त्यांना 'धांगर' म्हटलंय. पण ते आपले धनगर नव्हेत. छोटा नागपूरच्या डोंगरातल्या उरांव वगैरे आदिवासी मजुरांना इंग्रज 'धांगर' म्हणत, हेच लोक पुढं मॉरिशसलाही गेले. नावं सारखी, माणसं वेगळी. पुढं भारत सरकारनंच 1839 मधे मजूर बाहेर पाठवणं बंद केलं म्हणून ऑस्ट्रेलियातला तो मार्ग आटला. पण विचार करा, सालाच्या जंगलातली माणसं त्या उघड्या माळावर, भाषा कुणाची कुणाला कळत नाही.

शर्वरी_वागा
मी वागा वागाला शिकत होते तेव्हा दोन मोसम कातरणीच्या शेडमधे काम केलंय म्हणून तेवढं लिहिते. कातरणारा माणूस मेंढी पुढच्या पायांना धरून ओढत आणतो, मांडीत बसवतो आणि पोटापासून सुरुवात, सगळी लोकर एका चादरीसारखी निघते. आम्ही ती उचलून जाळीच्या टेबलावर अशी फेकायची की पसरून पडली पाहिजे, मग कडेची घाण लोकर ओढून काढायची, मग क्लासर, म्हणजे लोकरीची प्रत लावणारा, बघून ठरवतो कुठल्या खान्यात, मग दाबयंत्र, गठ्ठा. दिवसभरात हातांना लोकरीतलं तेल लागून हात लोण्यासारखे मऊ होतात पण पाठ मोडते. आणि आम्ही तर नुसती लोकर उचलणारी, कातरणाऱ्यांचं काय होत असेल.

शेडमधे जॅकी हाउचं नाव अजून घेतात. 10 ऑक्टोबर 1892, क्वीन्सलंड, हाताच्या कात्रीनं एका दिवसात 321 मेंढ्या, 7 तास 40 मिनिटांत. कातरणारे बाहीशिवायचा जो बनियन घालतात त्याला पण जॅकी हाउच म्हणतात. त्याच्या आदल्याच वर्षी, 1891 ला, क्वीन्सलंडमधे कातरणाऱ्यांचा मोठा संप झाला होता, मालक म्हणत होते युनियनबाहेरची माणसं पण घेणार, बारकॅल्डिनला हजारो माणसं तंबू टाकून बसली, सैन्य आणलं, पुढाऱ्यांना 3 वर्षं सक्तमजुरी. संप मोडला, पण इथला लेबर पक्ष त्यातूनच उभा राहिला असं मानतात. म्हणजे 50 वर्षांपूर्वी फटके खाणारा मेंढका आणि हा संप करणारा कातरणारा, मधे केवढा फरक पडला बघा.

माणगंगाकाठ
शर्वरीताई, एकदम डोळ्यापुढं उभं केलंत. मेंढका मात्र तोपर्यंत संपलाच होता. 1851 ला सोनं सापडलं आणि माणसं मेंढरं सोडून पळाली, मग मालकांनी मैलच्या मैल तारेचं कुंपण घातलं आणि घोड्यावरून कुंपण बघत फिरणारा एक माणूस पुरायला लागला. मेंढरं वाढतच गेली, 1891 च्या सुमारास 10 कोटींच्या वर, आणि पुढच्या दुष्काळात 1902 पर्यंत जवळजवळ निम्मी झाली. कुंपणात कोंडलेलं मेंढरू दुष्काळात जाणार कुठं? वाडा हलता असता तर काही वाचली असती असं मला राहून राहून वाटतं.

आमच्याकडं कातरणी वर्षातून दोनदा, आणि आता कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या पैशात निघत नाही. लहानपणी सणगराच्या घरी चिंचोक्याची खळ लावलेली घोंगडी वाळत घातलेली असायची, त्याचा वास अजून नाकात आहे. ते घर आता बंद आहे.

फलटणवाला
धाग्यावर उशिरा आलो पण बंगालच्या मेंढीची गोष्ट अर्धीच राहिलीय, ती पुरी करतो, कारण तिचं दुसरं टोक आमच्या फलटणला आहे.

मेरिनोला साधारण एकच कोकरू होतं. पण न्यू साउथ वेल्समधे कुमाजवळ बुरूला नावाच्या फार्मवर मेंढ्यांना दोन, तीन, कधी चार कोकरं व्हायची. 1950 च्या दशकात तिथल्या सरकारी शास्त्रज्ञांनी त्यातल्या काही मेंढ्या नेऊन अभ्यास सुरू केला. पुढं कळलं की हे एकाच जनुकामुळं होतं, त्याला फेक-बी म्हणतात, आणि 2001 मधे तो जनुक नेमका कुठला तेही सापडलं. आणि तोच बदल सापडला कुठं, तर सुंदरबनच्या गरोळ मेंढीत. दहा-पंधरा किलोचं बारकं जनावर, चिखलपाण्यात चरणारं, जुळी देणारं. म्हणजे 1792-93 च्या आसपास कलकत्त्याहून मटणासाठी गेलेल्या त्या मेंढ्यांचं रक्त दीडशे वर्षं मेरिनोच्या आत चालत राहिलं होतं!

आमच्या इथल्या निंबकर संस्थेनं, बनबिहारी निंबकरांनी सुरू केलेल्या, ती गरोळ सुंदरबनातून आणून दख्खनी मेंढीत हा जनुक आणला, ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांची मदत होती. त्यातून नारी सुवर्णा ही मेंढी तयार झाली. माझ्या मावसभावाकडं 30 आहेत. जुळी होतात पण दुधाकडं आणि चाऱ्याकडं नीट बघावं लागतं, वाड्याबरोबर लांब चालणाऱ्यांना ते जड जातं, एका जागी राखणाऱ्याला परवडतं.

सदा_पाटील
फलटणवाले, बरोबर. आणि या सगळ्यात लोकर कुठंच नाही बघा, आपल्याकडं आता मेंढी मटणासाठीच. 1794 ला सिडनीत होती तशीच.

माणगंगाकाठ
फलटणवाले, तुमचा प्रतिसाद मी काल रात्री तीनदा वाचला आणि गावी चुलत्याला फोन लावला, त्याच्याकडं अजून 80 मेंढरं आहेत. त्याला बंगालपासून कुमापर्यंत सगळं सांगितलं. नारी सुवर्णाचं नीट ऐकून घेतलं, पुढच्या महिन्यात फलटणला जाऊन बघून येतो म्हणाला, तेव्हा तुमच्या मावसभावाचा पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा. मग कैदी मेंढक्याचं सांगितलं, पेटीत झोपायचा ते. त्यावर त्यानं एवढंच विचारलं, "त्याच्याजवळ कुत्रं होतं का?" होतं म्हटलं. "मग बरं," म्हणाला, आणि फोन ठेवायच्या आधी परत विचारलं, "आन् मोजणी चुकली तर खरंच मारायचे?"